दोन देशांचे आईबाप, एक बाळ: नागरिकत्व आणि पासपोर्टबद्दल सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात आता अशी घरं सहज सापडतात. मुलगी शहापूरची आणि जावई मूळचा मडगावचा, पण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात नोकरी करणारा. किंवा मुलगा जर्मनीत इंजिनिअर आणि सून तिथलीच. बाळंतपण माहेरी करायची आपली रीत असल्यामुळे बाळ बऱ्याचदा बेळगावातच जन्मतं, आणि पाचवी-बारशाच्या गडबडीतच कुणीतरी विचारतं, "मग आता पासपोर्ट कुठला काढायचा?" त्या घरांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. शुल्क आणि फॉर्म बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी संबंधित सरकारी संकेतस्थळ एकदा उघडून बघा.

बाळाला दोन्ही देशांचं नागरिकत्व ठेवता येतं का?

भारताच्या बाजूने पाहिलं तर नाही. राज्यघटनेच्या कलम ९ मध्ये आणि नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये हे स्पष्ट आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ब्रिटन, अमेरिका, पोर्तुगाल हे देश दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात. जर्मनीनेही २७ जून २०२४ पासून ते मोकळं केलं. पण त्यांनी परवानगी दिली म्हणून आपला कायदा बदलत नाही. जर्मनीची बातमी वाचून "आता दोन्ही चालतात" असं समजणारे बरेच भेटतात, म्हणून हे आधीच सांगतो.

अर्थात दुसऱ्या देशाचा कायदा तुमच्या बाळाला जन्मतःच आपला नागरिक मानत असू शकतो, तुम्ही काही मागितलेलं नसतानाही. त्यात तुमचा काही गुन्हा नाही. प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो परदेशी पासपोर्ट काढायला जाता तेव्हा.

बाळ बेळगावात जन्मलं, आई भारतीय, वडील परदेशी नागरिक. बाळ भारतीय झालं का?

हो, एका अटीवर. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय व्हायचं तर आईवडील दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय हवा आणि दुसरा बाळाच्या जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा. आई परदेशी आणि वडील भारतीय असले तरी हाच नियम.

ही अट वाचून लोक म्हणतात, आमचा जावई काय चोरून आलाय का? पण वैध व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला माणूस कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरितच ठरतो. बाळंतपण लांबतं, जावई "अजून आठवडाभर थांबतो" म्हणतो आणि व्हिसाची तारीख उलटून जाते. त्याचा भुर्दंड थेट बाळाच्या नागरिकत्वाला बसतो. म्हणून जन्माच्या दिवशी वैध असलेल्या व्हिसाची किंवा ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिकाला भारतात आयुष्यभर येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, त्याबद्दल पुढे) प्रत आणि पासपोर्टावरचा प्रवेशाचा शिक्का बाळाच्या फायलीत ठेवा. वडील त्या वेळी भारतात नसतील तर ही अडचण येत नाही.

बाळ परदेशात जन्मलं तर?

आई किंवा वडील भारतीय नागरिक असतील तर बाळ वंशाने भारतीय होऊ शकतं. त्यासाठी जन्मापासून एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ती वाट लांबची आहे. भारतीय पालक स्वतःच वंशाने नागरिक असेल, म्हणजे त्याचाही जन्म परदेशातला असेल, तर ही नोंदणी आणखी कसोशीने सांभाळावी.

आखातातल्या घरांचा प्रश्न सोपा आहे. आईवडील दोघंही भारतीय असतील तर दुबईत जन्मल्याने बाळाला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. दूतावासात जन्म नोंदवायचा आणि भारतीय पासपोर्ट काढायचा, एवढंच.

बाळाचा जन्म बेळगावात झाला, तर वडिलांच्या देशाचं नागरिकत्व त्याला मिळतं का?

हे त्या त्या देशाच्या कायद्यावर आहे आणि इथे गल्लत फार होते.

ब्रिटनमध्ये बघायचं ते वडिलांना किंवा आईला नागरिकत्व कसं मिळालं ते. तिथे जन्मून किंवा तिथे राहून रीतसर अर्ज करून ते मिळालं असेल, तर बेळगावात जन्मलेलं बाळ आपोआप ब्रिटिश नागरिक ठरतं. पण त्यांना स्वतःला ते परदेशात जन्मून वंशाने मिळालं असेल, तर सहसा ते पुढच्या पिढीला आपोआप जात नाही. शिवाय ब्रिटनमध्ये जन्मलेलं प्रत्येक बाळ ब्रिटिश होतं ही समजूतही चुकीची आहे. १ जानेवारी १९८३ पासून तिथे जन्मलेल्या बाळाचे आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेले असावे लागतात. नुसत्या वर्क व्हिसावर असलेल्या जोडप्याचं बाळ ब्रिटिश होत नाही.

अमेरिकन नागरिकाने भारतीय व्यक्तीशी लग्न केलं असेल आणि बाळ इथे जन्मलं असेल, तर अमेरिकन पालक बाळाच्या जन्माआधी किमान ५ वर्षं अमेरिकेत राहिलेला असावा, त्यातली २ वर्षं वयाच्या १४ नंतरची असावीत. शाळेचे दाखले, नोकरीचे, कराचे कागद असा पुरावा मागतात. त्यावरून वकिलात जन्माचा अहवाल नोंदवते आणि हा अर्ज मूल १८ चं होण्याआधी कधीही करता येतो. वकिलातीच्या विभागणीत कर्नाटक चेन्नईकडे येतं. आपल्याला मुंबई जवळची वाटते, पण अपॉइंटमेंट घेण्याआधी हे तपासा.

जर्मन पालक असेल तर नागरिकत्व वंशानेच मिळतं. कर्नाटकासाठी जर्मनीची वकिलात बेंगळुरूला आहे.

आमचा जावई गोव्याचा, पण पासपोर्ट पोर्तुगीज. आमच्याकडे हाच प्रश्न जास्त. नीट सांगाल का?

चोर्ला घाटाच्या अल्याड-पल्याड सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न खानापूर-बेळगावला येणारच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. तुमच्या जावयाने आजोबांचा जुना जन्मदाखला शोधून आधी त्यांची, मग वडिलांची, मग स्वतःची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करून घेतलेली असते. मग तिकडचं ओळखपत्र, मग पासपोर्ट. आणि पासपोर्ट घेतला की तो भारतीय उरत नाही, जन्म सासष्टीतला असला, शेत-घर गोव्यात असलं तरीही. कायद्याच्या नजरेत तुमच्या मुलीचं लग्न एका परदेशी नागरिकाशी झालेलं आहे, हे सासर-माहेर दोन्हीकडच्यांनी एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आता बाळ. आई भारतीय, जन्म बेळगावात, वडील वैध व्हिसावर किंवा ओसीआय कार्डावर आलेले, म्हणजे बाळ जन्माने भारतीय. ते पोर्तुगीज व्हायचं तर त्याचा जन्म पोर्तुगालच्या नोंदणीत चढवावा लागतो, आणि तसं करताना आईवडिलांचं लग्नही तिकडे नोंदलेलं असावं अशी मागणी सहसा होते. पणजीत पोर्तुगालची वकिलात आहे. कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर, लागते; त्याबद्दल पुढे.

इथे माझं एक ठाम मत आहे. ही नोंद "करून ठेवूया, पुढे उपयोगी पडेल" म्हणून करू नका. ती झाली की पोर्तुगालच्या दृष्टीने बाळ त्यांचं नागरिक आहे. पासपोर्ट कुठला हे आधी ठरवा आणि मगच अर्ज टाका. पोर्तुगीज आईबापाच्या मुलाला ही नोंद मोठेपणीही मागता येते, त्यामुळे बाळ अंगावर पीत असताना घाई करायचं कारण नाही. एजंट घाई करायला लावतो, कारण त्याची फी अर्जावर असते.

एकाच वेळी दोन्ही पासपोर्ट काढून गप्प बसलं तर कुणाला कळतं?

कळतं. भारतीय पासपोर्टच्या अर्जात दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाबद्दल विचारलेलं असतं, तिथे खोटं लिहिणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही तुमची असते, बाळाची नव्हे. विमानतळावरही उघडकीला येतं, कारण भारतीय पासपोर्टावर ब्रिटनचा व्हिसा नाही आणि बाळ मात्र ब्रिटनला निघालंय, असं दिसलं की अधिकारी विचारणारच. पुढे ओसीआय कार्ड मागायला गेलात की जुना भारतीय पासपोर्ट बाहेर येतो, आणि फसवणूक करून मिळवलेलं ओसीआय रद्दही होतं. गावात कुणाचं तरी "चाललं" असेल. आपल्या लेकराच्या आयुष्याचा पहिलाच सरकारी कागद खोट्यावर उभा करू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

मग कुठला पासपोर्ट घ्यावा?

बाळ येती चार-पाच वर्षं कुठे वाढणार आहे, हे बघा. आई बाळाला घेऊन वर्ष-दोन वर्षं बेळगावातच राहणार असेल तर भारतीय पासपोर्ट घ्या. शाळा, लस, रेशनकार्ड, सगळं सरळ होतं. दोन महिन्यांत वडिलांकडे जायचं असेल आणि ते तिकडेच स्थायिक असतील, तर परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय ही जोडी बरी.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मुदत बघितली तर भारताच्या बाजूचे दरवाजे लवकर बंद होतात. परदेशात जन्मलेल्या बाळाच्या नोंदीला एकच वर्ष असतं. अमेरिकेचा अर्ज मात्र १८ व्या वर्षापर्यंत, पोर्तुगालची नोंद त्यानंतरही करता येते आणि ब्रिटिश दर्जा आपोआप मिळालेला असेल तर पासपोर्ट न काढल्याने तो जात नाही. म्हणून मन ठरत नसेल तर आधी भारतीय बाजूची मुदत सांभाळा.

जन्मदाखल्यात काय काळजी घ्यावी?

सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्या. पुढे अडणाऱ्या बहुतेक फायली या कागदापाशी येऊन थांबतात.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यानंतर वर्षभरापर्यंत परवानगी लागते आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद जन्म झाला त्या जागी होते. आई चंदगड किंवा गडहिंग्लजची असली तरी बाळ बेळगावच्या दवाखान्यात जन्मलं म्हणजे दाखला कर्नाटकचा, कानडी आणि इंग्रजीत. तो महाराष्ट्रातही चालतो आणि परदेशातही, त्याबद्दल शंका नको. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी भारतीय पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, म्हणून त्याला पर्याय नाही.

नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा ठेवा. दवाखान्यातल्या बाईने विचारलं म्हणून राशीवरून आलेलं किंवा आत्याने सुचवलेलं काहीतरी सांगून टाकू नका. बारसं होऊ द्या. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं.

मग स्पेलिंग. आपल्याकडे हे दुखणं मोठं आहे. आपण नाव मराठीत सांगतो, कारकून ते कानडीत उतरवतो, संगणकावर ते इंग्रजीत जातं. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने डी-एन-वाय असं सुरू होतं, कानडी वळणाने जे-एन किंवा जी-एन. चौगुले कुठे ए-यू, कुठे ओ-यू. वडिलांच्या पासपोर्टात एक आणि बाळाच्या दाखल्यात दुसरं आलं, तर लिस्बनच्या किंवा लंडनच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. दोघांच्याही पासपोर्टची झेरॉक्स दवाखान्यात जातानाच बॅगेत ठेवा आणि फॉर्म भरताना त्यावरून अक्षर न्‌ अक्षर उतरवून द्या.

आईचं नाव कुठलं लिहायचं? तिच्या पासपोर्टावर आहे ते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर दाखल्यातही माहेरचंच. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणून सासरचं लिहिलं तर पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

आणि गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत बेळगाव शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. आईच्या पासपोर्टात जुनं नाव आणि बाळाच्या दाखल्यात नवं असेल तर ते चुकलेलं नाही, पण परदेशी कार्यालयाला चार ओळींचा खुलासा आणि राज्य सरकारच्या नामबदलाच्या अधिसूचनेची प्रत सोबत द्या.

अपॉस्टिल म्हणजे काय, कुठे मिळतं?

आपला कागद खरा आहे अशी परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर. एकमेकांचे कागद अशा मोहोरेवर मान्य करायचे, असा देशांमधला करार आहे आणि २००५ पासून भारत त्यात आहे. जन्मदाखला किंवा लग्नाचा दाखला आधी राज्याच्या गृह विभागाकडून प्रमाणित होतो, मग मंत्रालयाकडे जातो. कर्नाटकचा दाखला असेल तर बेंगळुरू, मुंबई नव्हे. जन्मदाखल्याच्या प्रती आधीच जास्त काढून ठेवा, कारण एक फायलीत गुंतली की दुसऱ्या अर्जाला हाती काही राहत नाही.

लग्नाची नोंदणी नसेल तर?

आधी ती करा. हळद, अक्षता, पंगत, फोटो, याला परदेशी कार्यालय पुरावा मानत नाही. नवरा-बायको दोघंही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली नोंद होऊ शकते. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, त्यात ३० दिवसांची नोटीस असते. बाळंतपणाच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा लग्नानंतर लगेच हे उरकलेलं बरं.

बाळाचा भारतीय पासपोर्ट बेळगावात काढता येतो का?

येतो. बेळगावला पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिथली तारीख लांबची मिळाली तर हुबळीचं केंद्र आहे, आणि आता अर्ज देशात कुठेही करता येत असल्यामुळे निपाणीकर कोल्हापूरलाही जाऊ शकतात. शुल्क १,००० रुपये, ८ वर्षांखालच्या मुलांना १० टक्के सूट, म्हणजे ९००. तत्काळला आणखी २,०००. पासपोर्ट ५ वर्षांचा मिळतो. तान्ह्या बाळाचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, आपणच काढून न्यायचा.

दोन्ही पालकांची संमती अ‍ॅनेक्शर डी या ठरलेल्या नमुन्यावर लागते. वडील परदेशात असतील तर त्यांचं संमतीपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवा. संमती मिळणंच शक्य नसेल, किंवा आई एकटीच मूल वाढवत असेल, तर अ‍ॅनेक्शर सी आहे, आणि अर्जात एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं. आजी-आजोबांनी सही केली म्हणून भागत नाही.

बाळाचा परदेशी पासपोर्ट इथेच आला. आता तिकीट काढू?

थांबा. त्या पासपोर्टावर भारतात आल्याचा शिक्का नाही, व्हिसा नाही. विमानतळावर थेट सोडत नाहीत. आधी परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून देश सोडायची परवानगी किंवा व्हिसा घ्यावा लागतो. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदीचं काम पोलिसांकडे असतं, कर्नाटकचं प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूला. जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, वडिलांचा व्हिसा असं सगळं अपलोड करावं लागतं. परवानगी हातात आल्यावरच तिकीट.

बाळाचा भारतीय पासपोर्ट आधी निघालेला असेल तर तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. ओसीआयच्या वेळी ते मागतातच.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना?

नाही. नाव ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया असलं तरी तो आयुष्यभराचा व्हिसा समजा. येणं-जाणं, राहणं, शिकणं, खासगी नोकरी करणं मोकळं. मतदान नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. आई किंवा वडील भारतीय असतील तर अल्पवयीन मुलाला ते मिळतं. परदेशातून अर्जाला २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये. आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी यांच्यापैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर मिळत नाही. मुलाचा पासपोर्ट नवा झाला की तीन महिन्यांत तो आणि ताजा फोटो संकेतस्थळावर चढवायचा. कार्ड मात्र वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर पहिला नवा पासपोर्ट मिळतो तेव्हा एकदाच बदलून घ्यावं लागतं. जावयालाही ओसीआय मिळू शकतं, लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली असली की.

आमची शेती आहे. नातवाला मिळेल का?

निपाणीच्या तंबाखूच्या रानाचं असो की खानापूरच्या भातशेतीचं, उत्तर एकच. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. घर किंवा फ्लॅट विकतही घेता येतो.

आणि मेडिकलचं?

बेळगाव मेडिकल-इंजिनिअरिंगचं शहर, म्हणून आजोबा हे हमखास विचारतात. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या प्रवेशांत ओसीआय मुलांना फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त जागांवर प्रवेश मिळतो. खास भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम त्या तारखेआधीच्या ओसीआय कार्डधारकांना लागू होणार नाही असं ठरवलं, पण आज जन्मलेल्या बाळाला तो लागू आहे. एनआरआय जागेची फी आणि सर्वसाधारण जागेची फी यातलं अंतर इथल्या पालकांना सांगायला नको. मूल इथेच शिकवायचं मनात असेल तर भारतीय पासपोर्टच्या बाजूने हे मोठं कारण आहे.

मूल १८ वर्षांचं झाल्यावर काय?

परदेशात जन्मून वंशाने भारतीय झालेलं आणि दुसऱ्या देशाचंही नागरिक असलेलं मूल असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्याला दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, कारण त्या वयात पोरं बारावीत आणि प्रवेशांत अडकलेली असतात.

परदेशी पासपोर्टवर वाढलेल्याला भारतीय व्हावंसं वाटलं तर तीही वाट आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली असावीत आणि अर्जाआधी बारा महिने तो भारतात राहिलेला असावा. मग नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नागरिक म्हणून नोंदणीचा अर्ज करता येतो, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडायच्या तयारीने.